हौसाबाईचं पत्र आणि माझे डोळे

माझ्या आजाराला नाव नाही. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आहेत, पण दोन्ही ओळींच्या शेवटी त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तराच्या जागी प्रश्नचिन्ह बघून काय वाटतं, ते दुसऱ्या मास्तरालाच कळेल.

उतारवयात ज्यांना असं काही अचानक होतं त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. एकाएकी दिसेनासं होतं, जमीन फिरते, आणि घटकाभराने जणू काही झालंच नव्हतं असं सगळं ठीक होतं. अशा वेळी माणूस पहिली गोष्ट कोणती करतो, तर गप्प बसतो. मीही बसलो. त्या गप्प बसण्याने माझं नुकसान झालं ते झालंच, पण त्याहून जास्त एका बाईचं झालं. ते वगळून नुसती दवाखान्याची हकिकत सांगितली तर ती खोटी होईल.

रोज अर्धं पान लिहितो. अक्षर मोठं काढावं लागतं, त्यामुळे वही लवकर संपते.

पहिली खेप

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून दोन कोसांवर. तेव्हा मला त्रेसष्टावं चालू होतं आणि नोकरीतून मोकळा होऊन पाच वर्षं झाली होती. पेपर एसटीने यायचा, तोही एक दिवस शिळा. तो मी सोप्यात बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो, जाहिरातींसकट.

उन्हाळ्यातली सकाळ होती. वाचता वाचता ओळीच्या उजव्या टोकाला शब्दच दिसेनात. कागद कोरा असावा तसं. मी चष्मा काढून पुसला. परत लावला तर एका ओळीच्या दोन ओळी झालेल्या, एक थोडी वर, एक थोडी खाली. तेवढ्यात बसल्या जागी जमीन डावीकडे कलली. मी शेजारचा खांब धरला.

माझी बायको सोजर समोर बाजरी पाखडत होती. तिने सूप थांबवलं. "काय झालं वं?"

"काही नाही. चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं."

चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात सगळं जागेवर आलं. ओळ एकच झाली, जमीन सरळ झाली. मी पेपर पुढे वाचला, पण काय वाचलं ते एक अक्षर लक्षात नाही.

पुढच्या महिनाभरात असं पाच वेळा झालं. दर वेळी मी एक कारण शोधून ठेवलं होतं. ऊन, तंबाखू, रिकामं पोट, जुना चष्मा, आदल्या दिवशीचं जागरण. पाचव्या वेळी कारणं संपली आणि नुसती भीती उरली. सकाळी जाग आली तरी डोळे उघडायचा धीर व्हायचा नाही. आज काय दिसेल आणि काय नाही, ह्या विचाराने मी तसाच पडून राहायचो. मग एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे, मग दुसरा झाकून. सोजर विचारायची, "रोज उठून तिथी काय बघताय?"

मी का लपवलं, ते सांगतो. माझे वडील गावकीचं काम करायचे. सरकारी निरोपाचा कागद ह्या गावातून त्या गावाला पायी पोचवणं हे त्यांच्याकडे होतं. आयुष्यभर त्यांनी कागद वाहिले, आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांना कधी कळलं नाही. त्यांच्या पोटी मी वाचणारा निघालो. ज्या गावाने मला लहानपणी शाळेच्या पायरीखाली बसवलं, त्याच गावातली माणसं पुढे कागद घेऊन माझ्या दाराशी यायला लागली. माझ्याजवळ शेत नाही, वाडा नाही. वाचता येतं, एवढंच आहे. तेच गेलं तर गुरुजी कसला आणि काय कसला. ही भीती मला मरणाच्या भीतीपेक्षा मोठी वाटायची, हे कबूल करतो.

रविवार

आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. वस्तीत पत्र्याची एक खोली होती, तिला आम्ही विहार म्हणायचो. दर रविवारी सकाळी तिथे वंदना व्हायची आणि ती मी पुस्तिकेतून वाचायचो. वाचायचो म्हणजे, आठ वर्षांत सगळी पाठ झाली होती. डोळे बिघडल्यावर मी पुस्तिका नुसती हातात धरायला लागलो. मधूनच पानही उलटायचो. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

वंदना झाली की बायका आपापली पत्रं काढायच्या. आमच्या वस्तीतले बहुतेक गडी मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत. आठवड्याभरात आलेली पत्रं बायका जपून ठेवायच्या आणि रविवारी मी ती एकेक वाचून दाखवायचो. पोस्टमनला सायकलवरून सात गावं करायची असत, त्याला वाचून दाखवायला सवड नसे.

पत्रं सगळी एकाच साच्यातली. नमस्कार, विनंती विशेष, आम्ही इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवणे, पाऊसपाणी कसं आहे. शेकडो वाचलेली. कोण काय लिहिणार ते मला पत्र उघडायच्या आधी ठाऊक असायचं.

त्या रविवारी सकाळपासूनच माझं डोकं जड होतं. वंदना निभावली. दोन पत्रं डोळे किलकिले करून कशीबशी वाचली. तिसरं हौसाबाईचं. हौसाबाई विधवा, तिला एकुलता एक मुलगा, नामदेव. माझ्याच हाताखाली चौथी झालेला, गोदीत कामाला. तिने पत्र माझ्या हातात दिलं आणि पदर सावरून समोर बसली.

वर 'प्रिय आईस' एवढं दिसलं. त्याच्याखाली मुंग्या. एका मुंगीच्या दोन मुंग्या, आणि सगळ्या हलत्या. जमीन झोक्यासारखी व्हायला लागली होती.

मला म्हणता आलं असतं, हौसाबाई, आज दिसत नाही. समोर बाराजणी बसल्या होत्या. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. "नमस्कार विनंती विशेष. मी इकडे खुशाल आहे. काळजी करू नये." नामदेव दर पत्रात आईच्या गुडघ्याची आणि शेळीची चौकशी करायचा, म्हणून मी तेही घातलं. "तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?"

हौसाबाईची सवय अशी, की पत्र वाचत असताना ती प्रत्येक ओळीला उत्तर द्यायची. "बरा हाय रं बाबा गुडगा. व्याली, दोन पिल्लं हायती." मी थांबायचो, तिचं बोलून व्हायचं, मग पुढची ओळ. त्या दिवशीही मी थांबत थांबत गेलो. शेवटी "तुझा मुलगा नामदेव" म्हणून पत्राची घडी घातली. तिने ते डोळ्यांना लावलं आणि कमरेला खोचलं.

घरी येताना मला शरम वाटली नाही. निभलं, असं वाटलं. थोडी फुशारकीही वाटली. आज ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

तिचा प्रश्न

त्यानंतर तेरा-चौदा दिवस गेले असतील. दहाच्या सुमाराला हौसाबाई दारात आली. पायांत चपला नव्हत्या, हातात तेच पत्र होतं. मुंबईहून परतलेल्या शेजारच्या वाडीच्या गड्याने तिला सांगितलं होतं, की नामदेव टायफॉइडने इस्पितळात पडलाय आणि शुद्धीवर असला की आईला विचारतोय. ती तशीच पळत रस्त्याला गेली, पोस्टमनला सायकलवरून उतरवलं आणि हेच पत्र त्याच्याकडून वाचून घेतलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "ह्यात त्येनं लिवलंय, लय आजारी हाय, इस्पितळात नेत्यात, तू निघून ये. शेजाऱ्याला सांगून लिवून घेतलंय."

माझी नजर तिच्या हातातल्या पत्रावर गेली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटंल म्हनून तुमी त्येवढं गाळलं व्हय?"

बाईला दुसरं काही सुचलंच नव्हतं. गुरुजींना दिसलं नसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी लपवलं असेल तर तिच्या भल्यासाठीच, एवढा तिचा माझ्यावर भरवसा. तिने मला पळवाट स्वतः उघडून दिली आणि मी तिच्यातून पळालो.

"होय," मी म्हणालो.

"गाळायला नगं व्हतं, गुरुजी," ती म्हणाली. रागाने नाही. तशीच वळली आणि दुपारच्या एसटीने मुंबईला गेली.

ती गेल्यावर मी पाणी प्यायला उठलो आणि उंबऱ्यावर आडवा झालो. कपाळाला खोक पडली. ती खेप मात्र चहाच्या उकळीएवढ्या वेळात गेली नाही. संध्याकाळ झाली तरी सोजरची दोन तोंडं दिसत होती, आणि दोन्ही घाबरलेली.

साताऱ्याला

"कवापासनं चाललंय ह्ये?" सोजरने विचारलं.

"दीड महिना झाला."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून साताऱ्याला निघालो. पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं, तरी ती खिडकीबाहेर बघत बसलेली. शेवटी म्हणाली, "चाळीस वर्सं तुमच्या ताटात वाढतीया मी. मला सांगायला काय झालं व्हतं?"

निघायच्या आधी तिची बहीण येऊन गेली होती. ती म्हणाली, "घरातलं देव न्हेऊन नदीत बुडवलं, त्येंनी डोळं न्हेलं." सोजरने तिला दारातूनच वाटेला लावलं. आठ वर्षं लोकांना मी सांगत आलो, की असं काही नसतं, भिऊ नका. आणि त्या गाडीत, डोळे मिटून बसलेल्या मला, दीक्षेनंतर टोपलीतले देवांचे टाक पाण्यात सोडतानाचा आवाज ऐकू येत होता. आजारात माणूस कुठवर मागे जातो, ते कळावं म्हणून हे लिहिलं. साताऱ्याच्या अलीकडे मी स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि सावरून बसलो.

साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, बॅटरी मारून बराच वेळ आत बघितलं. "डोळे चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. ते पुढे म्हणाले, "जे काही आहे ते डोळ्यांच्या मागे आहे. मिरजेला जा, उशीर करू नका."

डोळ्यांच्या मागे काय असतं, ते मी चौथीच्या पोरांना तक्ता लावून शिकवलेलं होतं.

बाहेर आलो तर थेंबांमुळे सगळा रस्ता पांढराफटक झालेला. हे थेंबांमुळे होतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गेले. मी जागच्या जागी उभा राहिलो. तेव्हा सोजरने माझा हात धरला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. लग्न झाल्यापासून आम्ही चारचौघांत एकमेकांचा हात धरलेला नव्हता. स्टँडपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि बोलणंही तिथूनच परत सुरू झालं.

मिरज

आमचा मुलगा यशवंत सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याने रजा काढली आणि मला मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. पहिल्याच दिवशी आईवर डाफरला, "तुला कसं कळलं नाही?" सोजरने मान खाली घातली. मी म्हणालो, "तिला नको बोलूस, मी लपवलं." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी कधीकाळी खोटं बोललेल्या पोराकडे बघायचो.

वॉर्डात दिवस सहाला सुरू व्हायचा. नर्स काखेत थर्मामीटर लावायची, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टर. डॉक्टर बेळगावकडचे, मराठी कानडी हेलात बोलायचे. बोट फिरवून म्हणायचे, "ह्याच्याकडे बघायचं हं." नाकाला बोट लावायला सांगायचे. फरशीच्या रेघेवरून सरळ चालायला सांगायचे. पस्तीस वर्षं मी पोरांना रांगेत सरळ चालायला लावलं, आणि तिसऱ्या पावलाला माझाच तोल जाऊन मी डॉक्टरांच्या अंगावर गेलो. समोरच्या खाटेवरचा म्हातारा हसला. मलाही हसू आलं. नंतर चादर तोंडावर घेऊन पडून राहिलो.

डोक्याचे फोटो काढले. पाठीत सुई घालून पाणी काढलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांशी दारात बोलत होते, त्यात 'गाठ' हा शब्द आला. तो माझ्याबद्दल होता की दुसऱ्या कोणाबद्दल, ते मी विचारलं नाही. रिपोर्टला चार दिवस लागणार होते.

ते चार दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. भिंतीवर दोन घड्याळं दिसायची, एक वर एक खाली. दोन्हींत वेळ एकच, आणि दोन्ही जागची हलायची नाहीत. गाठ असेल तर डोकं उघडतील. उघडलं तर मी उठेन का? उठलो तर वाचता येईल का? आणि ह्या सगळ्याच्या मागून एक विचार यायचा, की नामदेव जगला असेल का. मी तो बाजूला सारायचो, तो परत यायचा. माझी गाठ निघाली तर बरं, असंही एकदा मनात आलं. म्हणजे कोणाला काही सांगायला नको.

शेजारच्या खाटेवर मेहबूबभाई होते. मिरजेतलेच, तंबोरे करणारे. मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी मास्तर आहे हे त्यांनी ऐकलेलं. तिसऱ्या दिवशी यशवंत पेपर ठेवून गेला, त्याची घडी वाजली तशी ते म्हणाले, "गुरुजी, जरा वाचा की मोठ्यानं. जगात काय चाललंय काय कळंना झालंय."

मी पेपर उचलला. सवयीने घसाही साफ केला. दुष्काळ, धान्याची टंचाई, कुठल्या तरी मंत्र्याचं भाषण, मनानेच चार बातम्या सांगितल्या असत्या तर पट्टी बांधलेल्या माणसाला काय कळणार होतं? तोंड उघडलं, आणि मला हौसाबाई दिसली, ओळीओळीला मान हलवणारी.

"मेहबूबभाई," मी म्हणालो, "मला वाचता येत नाही. अक्षरं दोन-दोन दिसतात."

"असं व्हय," ते म्हणाले. "मग सिस्टर आली की तिला सांगू." आणि कुशीवर वळले.

झालं एवढंच. दीड-दोन महिने जे वाक्य मी दातांखाली धरून ठेवलं होतं, ते बाहेर पडलं आणि वॉर्डात कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

त्या दुपारी सोजर जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा मी तिला पत्राची सगळी हकिकत सांगितली. मी गाळलं नव्हतं, मी वाचलंच नव्हतं, आणि हौसाबाईला मी दोनदा फसवलं. एकदा वंदनेनंतर आणि एकदा दारात.

सोजरने डबा मिटला. मग म्हणाली, "ती आली की तिला सांगा."

"आणि नामदेव राहिला नसला तर?"

"तरीबी सांगा," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

प्रश्नचिन्ह

पाचव्या दिवशी डॉक्टर खाटेवर बसले. डॉक्टर खाटेवर बसले की बातमी वाईट, असा वॉर्डात समज होता. मी सोजरचा हात धरला, यावेळी मीच.

"गाठ नाही," ते म्हणाले. "रक्तदाब खूप आहे. डोक्याच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या नळ्या बारीक झाल्या असाव्यात. असाव्यात म्हणतो मी. नक्की सांगायला येत नाही."

"परत होईल?"

"होईल. नाही पण होणार."

मीठ बंद, तंबाखू बंद, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. वाकून उठायचं नाही, झटक्याने मान वळवायची नाही. वाचलं तर चालेल, पण थकवा आला की थांबायचं. मी त्यांना विचारलं, की दोन-दोन दिसणं जाईल का. म्हणाले, हळूहळू जाईल बहुतेक. ज्यांना नक्की उत्तर हवं असतं त्यांनी ह्या आजाराच्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चहा पिताना भिंतीकडे लक्ष गेलं, तर घड्याळ एकच होतं. मी डोळे मिटून परत उघडले. एकच. मेहबूबभाईंची पट्टी आदल्या दिवशी निघाली होती, त्यांना म्हटलं, "भाई, घड्याळं किती?" ते म्हणाले, "एक. का, चोरीला गेलं काय दुसरं?" आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टर रागावली.

गावी

बावीस दिवसांनी गावी आलो. एसटीतून उतरल्या उतरल्या पहिली गोष्ट कळली ती ही, की नामदेव जगलाय. हौसाबाई त्याला अंगात ताकद यावी म्हणून गावी घेऊन आली होती. मला भर स्टँडवर रडू आलं. लोकांना वाटलं, आजारपणामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. नामदेव अंगणात घोंगड्यावर बसला होता. डोक्याचे केस झडलेले, गालफडं बसलेली. मला बघून उठायला लागला. मी त्याला बसवलं. त्याने माझ्या डोळ्यांची चौकशी केली. मग आपलं सांगायला लागला, की इस्पितळात चार वाजता भेटायला सोडायचे. "मी दाराकडं तोंड करून पडायचो, गुरुजी. वाटायचं, आज आई येईल. माझं लगीन मी तिला न विचारता ठरवलं, त्याचा राग धरून बसली असंल असं वाटाय लागलं मला."

हौसाबाई चुलीपाशी होती. मी तिला बाहेर बोलावलं.

"हौसाबाई, मी ते गाळलं नव्हतं," मी म्हणालो. "मला दिसतच नव्हतं. मी पत्र वाचलंच नाही."

ती उभीच राहिली. "मग गुडग्याचं?"

"मी मनाने घातलं."

"शेळीचं?"

"तेही."

तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी बोलत व्हते त्येच्यासंगं, गुरुजी. त्यो तिकडं तापानं फनफनला व्हता आन् मी हितं बसून तुमच्याशी बोलत व्हते." एवढं बोलून ती आत गेली. सोजर तिच्या मागोमाग गेली, पण थोड्या वेळाने एकटीच बाहेर आली. नामदेव मान खाली घालून बसून राहिला. आम्ही निघालो तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत काठी टेकत सोबत आला.

त्या रविवारी विहारात वंदनेच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं, की डोळे धड नाहीत, महिनाभर मी पाठ म्हणत होतो, आणि हौसाबाईच्या पत्राचं काय केलं तेही सांगितलं. खाली चुळबुळ झाली. दोन-तीन बायकांनी त्या दिवशी पत्रं काढलीच नाहीत. पुढच्या रविवारी मात्र काढली. हौसाबाईने काढली नाहीत. ती यायची, दाराशी बसायची, वंदना झाली की निघून जायची. नामदेव मुंबईला परत गेला, त्याची पत्रं यायला लागली, आणि ती उन्हात रस्त्याला जाऊन पोस्टमनची वाट बघत उभी राहायची. मला सोप्यातून दिसायचं. दूरचं मला चांगलं दिसतं.

आजाराचं म्हणाल तर तो आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी खेप येते. अजूनही सकाळी डोळे उघडायच्या आधी छातीत धडधडतं, ते बहुतेक शेवटपर्यंत जाणार नाही. फरक एवढाच, की खेप आली की मी मोठ्याने सांगतो. सोजर हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते. कोणी शेजारी बसलं म्हणून जमीन फिरायची थांबत नाही, पण भीती निम्मी होते.

त्या वर्षीच्या सुगीचे दिवस होते. मी एका दुपारी दारात बसलो होतो, तर हौसाबाई आली. हातात पत्र होतं. पोस्टमन आजारी होता, बदली माणूस पत्र टाकून निघून गेला होता. ती खांबाला धरून उभी राहिली, खाली बसली नाही.

"आज दिसतंय का?" तिने विचारलं.

मी पत्र घेतलं, उजेडात धरलं आणि नीट बघितलं. सकाळी एक खेप येऊन गेली होती. "वरच्या चार ओळी दिसतात," मी म्हणालो. "खालचं धूसर आहे."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"मग चारच वाचा," ती म्हणाली. "मनाचं काय घालू नगा."

मी चार ओळी वाचल्या आणि थांबलो. तिने पत्र परत घेतलं, त्याची घडी घातली आणि उठली.

"बाकीचं उद्या," ती म्हणाली. "मी येते."